हातात पैसे नाहीत, राहणं आडगावात: काम कसं मिळालं (माझा अनुभव)

लक्षण: शहर गाठायला भाड्याचे पैसे नाहीत, फोनची रेंज येते-जाते. जॉब ॲपवर अर्ज टाकले, उत्तर नाही. ‘आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारे मात्र न चुकता फोन करायचे. तसल्यांना सरळ ब्लॉक करा. वैताग आला होता.

जमलं ते असं. आधी रेंजशिवाय होणारं काम निवडलं: रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं. मग एका भाषणाचा पाच मिनिटांचा तुकडा नमुना म्हणून टाइप केला. दर मिनिटाला वेळेची नोंद, न कळलेल्या शब्दाच्या जागी ‘अस्पष्ट’. अंदाजाने शब्द भरू नका, तिथेच विश्वास जातो. त्यानंतर मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना आणि पॉडकास्टवाल्यांना थेट तीन ओळींचा मेल: काय करतो, किती वेळात देतो, सोबत नमुना. बायोडाटा जोडलाच नाही.

खरी गोम फाइलच्या आकारात. १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट डेटा) तासाभराची एमपीथ्री सुमारे ५८ एमबी होते. तीच काम देणाऱ्याकडून २४ केबीपीएस ओपसमध्ये (आवाज कमी जागेत साठवणारा फाइलचा प्रकार) मागवली की ११ एमबीच्या आसपास, आणि बोलणं नीट कळतं. रेंज असेल तेव्हा उतरवून घ्यायची, काम ऑफलाइन. टाइप केलेला मजकूर परत पाठवायला टूजीही पुरतं.