व्हॉल्व बंद करूनही बंद घरात ओल येत होती: माझा अनुभव

आम्ही पुण्यात, कोल्हापूरचं घर दोन-दोन महिने कुलूपबंद. दर वेळी टाकीचा व्हॉल्व बंद करून निघायचो, तरी परत आलो की बाथरूमखालच्या खोलीचं छत ओलं, कपाटामागे बुरशी. तेही ऐन मे महिन्यात, म्हणजे पावसाचा संबंधच नव्हता.

गच्चीला दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, फरशीचे सांधे भरले. पैसे गेले, ओल तशीच. आईने हौसेने लावलेला रंग पोपडे धरून गळताना बघून फार वाईट वाटलं.

शेवटी टाकीचा व्हॉल्व बंद करून खालच्या मजल्यावरचा नळ रात्रभर उघडा ठेवला. सकाळी बादली अर्धी भरलेली! व्हॉल्व जुना, चाक फिरवायचा गेट व्हॉल्व. आत क्षार आणि गाळ बसला की पाणी अडवणारी त्याची पाचर पूर्ण टेकत नाही. तेच पाणी गीझरच्या चिरलेल्या कनेक्शन पाईपमधून मुरत होतं.

पाईप बदलला, गेट व्हॉल्व काढून पाव फेरीत बंद होणारा बॉल व्हॉल्व बसवला.

आता निघताना आधी गीझरचा स्विच बंद. मग पाण्याच्या मीटरजवळचा कॉक, मग टाकीचा व्हॉल्व. त्यानंतर वरचा नळ उघडायचा, म्हणजे पाईपमध्ये हवा शिरते, आणि मगच सगळ्यात खालचा. धार थांबेपर्यंत थांबायचं. एकदा फ्लश ओढायचा. दहा मिनिटांनी खालच्या नळातून थेंबही पडत नाही ना, हे बघूनच कुलूप लावायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा छत कोरडं होतं.