नटामागची तार: मोकळ्या तारेचा स्वर कसा चढवावा

फ्रेटवर दाबलेली तार बोटाने ढकलली की स्वर चढतो, हे गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मोकळ्या तारेवर मात्र डावं बोटच नसतं, मग ढकलणार काय? व्हायब्रेटो आर्म, म्हणजे ब्रिजला जोडलेला दांडा, असला तर तो सगळ्या तारा एकदम हलवतो. एकच मोकळी तार चढवायची असेल तर हात हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाकडे न्यायचा आणि नट (फ्रेटबोर्डाच्या टोकाची खाचांची पट्टी) व खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा दाबायचा. तार नटाच्या खाचेतून किंचित मागे सरकते, ताण वाढतो, स्वर चढतो. रॉय ब्युकॅनन आणि जेरी डोनाह्यू हे टेलिकास्टरवाले (टेलिकास्टर हे फेंडरचं इलेक्ट्रिक गिटार) यात तरबेज.

आधी आपलं गिटार बघून घ्या. फ्लॉइड रोजसारखा लॉकिंग नट असेल तर तारा नटावरच आवळलेल्या असतात. मागे कितीही दाबा, स्वर हलणार नाही. सहाही खुंट्या एका रांगेत असलेलं फेंडर पद्धतीचं हेडस्टॉक सर्वांत सोयीचं. तिथे पहिल्या दोन तारांवर स्ट्रिंग ट्री, म्हणजे तारा खाली धरणारी छोटी पकड असते, ती आड येते आणि घर्षणही वाढवते. गिब्सनसारख्या तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवरही हे जमतं, पण मधल्या दोन तारा नटातून तिरक्या वळतात आणि खाचेत अडकायला बघतात.

सुरुवात तिसऱ्या, म्हणजे जीच्या तारेपासून करा. वेढा नसलेल्या तिन्ही तारांत ती सर्वांत खालच्या स्वराची, त्यामुळे तितक्याच खेचण्याने तिचा स्वर जास्त चढतो. नऊ किंवा दहाचा सेट (सर्वांत बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंचाची) बरा. अर्धा स्वर चढायला ताण सुमारे १२ टक्के वाढावा लागतो आणि पूर्ण स्वराला सुमारे २६ टक्के, म्हणून जाड सेटवर बोटं लवकर दुखतात.

अंगठा हेडस्टॉकच्या मागे टेकवा. तर्जनी आणि मधलं बोट जोडीने तारेवर ठेवा, नट आणि खुंटीच्या साधारण मध्यावर. उजव्या हाताने तार छेडा आणि ती वाजत असतानाच सरळ लाकडाच्या दिशेने दाबा. बाजूला ओढू नका, शेजारची तार लागते. समोर ट्यूनर ठेवा: जीवरून जी शार्प, तिथे थांबा, मग ए. किती दाबायचं हे बघून कळत नाही, कानानेच ठरवावं लागतं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. स्वर नेमका लागला नाही तर ही करामत निव्वळ बेसूर वाटते.

हात बसला की हे करून बघा. खालच्या तीन बारीक तारा मोकळ्या छेडा: जी, बी, ई. हा ई मायनर. आता तारा वाजत असतानाच जीची तार नटामागून अर्धा स्वर चढवा. कॉर्ड ई मेजर होते. आणखी अर्धा स्वर चढवा, सस्पेंडेड फोर्थ. ई हा षड्ज धरला तर कोमल गंधार, शुद्ध गंधार आणि मध्यम, तेही मींडेने, फ्रेटला हात न लावता. मग सावकाश सोडत परत या. सोडताना घाई केली तर मजा जाते.

पुढची पायरी हार्मोनिकची. पाचव्या किंवा बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडायची), हात उचलून नटामागे न्या आणि दाबा. हार्मोनिक बोट काढल्यावरही वाजत राहतो, त्यामुळे वेळ मिळतो. ऐकणाऱ्याला पेडल स्टील गिटारचा, म्हणजे पायातल्या पेडलने तारांचे स्वर बदलणाऱ्या वाद्याचा भास होतो.

या युक्तीतून एक यंत्रच जन्माला आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट टेलिकास्टर वाजवत असताना हात अपुरे पडले, तेव्हा त्याचा साथीदार जीन पार्सन्स नटामागून तार खेचून देत असे. त्यातूनच दोघांनी बी-बेंडर घडवला: गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला जोडलेली तरफ, जी बीची तार एक स्वर चढवते.

दाब सोडल्यावर तार चढीच राहिली तर ती नटाच्या खाचेत अडकली असं समजा. फ्रेटबोर्डावर ती एकदा हलकी खेचा, जागेवर येईल. कायमचा उपाय म्हणजे खाचेत पेन्सिलीचं शिसं घासणे.

नटामागचा तुकडा छेडलात तर टिणटिण वाजतो. ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर नटामागे सुमारे ८ सेंटिमीटर तार असेल तर स्वर मोकळ्या तारेच्या तीन सप्तकं वर जातो. प्रत्येक तुकड्याची लांबी वेगळी, म्हणून या स्वरांना कॉर्डशी देणंघेणं नसतं. एखाद्या गाण्यात एकदा पुरे. शिवाय पिकअप दूर असल्याने आवाज क्षीण येतो, गेन किंवा कॉम्प्रेसर लागतो. इंग्लिश गिटारवादक फ्रेड फ्रिथने १९७४ च्या एकल अल्बमसाठी नटापाशी जादा पिकअप लावला होता. आपल्याला हेडस्टॉकवर पिएझोची (कंपनं पकडणारी) चकती चिकटवून भागवता येईल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा.

आणि जोरदार डिस्टॉर्शनमध्ये हेच तुकडे नको तिथे किणकिणू लागले तर नटामागे तारांतून केस बांधायचा रबर विणून ठेवा. तार खेचायची असेल तेव्हा मात्र तो काढावा लागेल.