संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना कशी वापरावी

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून मासळीचे थवे जमण्याची शक्यता असलेले पट्टे ठरवते आणि ती सूचना मच्छीमारांना मोफत पुरवते. सूचना हाती आल्यावर प्रथम तिची तारीख व वैधता पाहावी, कारण हे पट्टे प्रवाहाबरोबर सरकतात आणि शिळ्या सूचनेमागे धावण्यात डिझेल तेवढे जळते. त्यानंतर आपल्या बंदराच्या नावासमोर दिलेली दिशा, अंतर आणि खोली वाचून अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्रात भरावेत. ती खोली आपल्या जाळ्याला झेपणारी नसेल, तर तो पट्टा सोडून द्यावा. बांगडा, तारली अशा पृष्ठभागालगत फिरणाऱ्या मासळीसाठी ही माहिती विशेष उपयोगी पडते. कोळंबीसाठी तळाशी जाळे ओढणाऱ्यांनी मात्र तिच्यावर फारशी भिस्त ठेवू नये. आकाश ढगाळ असल्यास उपग्रहाला समुद्र नीट दिसत नाही, त्यामुळे अशा दिवशी सूचना मिळेलच असे नाही. पट्टा कितीही जवळ असला, तरी वारा व लाटांचा अंदाज स्वतंत्रपणे पाहूनच नौका हाकारावी. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात ही सूचना दिली जात नाही.