स्वरांचं वर्गीकरण करताना या चुका टाळा

'अ' ऱ्हस्व आणि 'आ' त्याचाच दीर्घ, हे शाळेत पाठ होतं आणि पुढे स्वनविज्ञानाच्या, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासाच्या, वहीतही तसंच उतरतं. मराठी उच्चारात ते खरं नाही. 'अ' दोन सेकंद लांबवून बघा, त्याचा 'आ' होत नाही. आता हनुवटीखाली बोट धरून 'आ' म्हणा. जबडा उतरतो, जीभ खाली बसते. मुख्य फरक लांबीचा नसून जिभेच्या उंचीचा आहे. पाणिनीने संधीनियमांच्या सोयीसाठी 'अ' हा 'आ'सारखाच विवृत (तोंड उघडं ठेवून उच्चारलेला) धरला, पण अष्टाध्यायीच्या शेवटच्या सूत्रात, 'अ अ', तो पुन्हा संवृत (तोंड कमी उघडून उच्चारलेला) करून ठेवला. इतकी काळजी आपणही घ्यायला हवी.

'अं', 'अः' बाराखडीत असले तरी वेगळे स्वर नव्हेत. 'ऋ' मराठीत 'रु' होतो, म्हणजे व्यंजन अधिक स्वर.

पश्च स्वर (जिभेचा मागचा भाग उचलून होणारे) गोल ओठांचे आणि अग्र स्वर (पुढचा भाग उचलून होणारे) पसरट ओठांचे, हेही गृहीत धरू नका. आरशासमोर 'ई' म्हणत राहा आणि जीभ जागची न हलवता ओठांचा चंबू करा. फ्रेंच 'तू'मधला स्वर निघेल: अग्र, पण गोल.

सगळ्यात त्रासदायक चूक प्राट या ध्वनी मोजण्याच्या सॉफ्टवेअरमधली. दरवर्षी एखाद्या तरी आलेखात पुरुषाचा 'ऊ' थेट 'ई'च्या शेजारी बसलेला असतो आणि त्यावर 'ऊ अग्र होत चालला आहे' असा निष्कर्षही लिहिलेला असतो. घडतं ते असं: फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या पोकळीमुळे आवाजात ठळक होणाऱ्या कंप्रता; दुसरा फॉर्मंट जितका वर, तितका स्वर अग्र दिसतो. 'ऊ'चे पहिले दोन फॉर्मंट अगदी जवळ असतात. पीटरसन आणि बार्नी या संशोधकांच्या १९५२च्या मोजणीत अमेरिकन पुरुषांचे ते सरासरी ३०० आणि ८७० हर्ट्झ भरले. प्राट फॉर्मंट ज्या कंप्रतेपर्यंत शोधतं ती मूळ मर्यादा ५५०० हर्ट्झ, ती स्त्रियांच्या आवाजाला जुळणारी आहे. पुरुषाच्या आवाजाला तीच ठेवली की हे दोन्ही एकात मिसळू शकतात, आणि तिसरा फॉर्मंट, साधारण २२४०, दुसरा म्हणून नोंदला जातो. त्याच मोजणीत 'ई'चा दुसरा फॉर्मंट २२९० आहे! पुरुषासाठी मर्यादा ५००० करा, फॉर्मंटची संख्या पाचच ठेवा, आणि प्राटने दाखवलेले फॉर्मंटचे लाल ठिपके वर्णपटातल्या (आवाजाच्या चित्रातल्या) काळ्या पट्ट्यांवर बसतात का हे प्रत्येक स्वराला डोळ्यांनी तपासा. शंभर स्वर एका स्क्रिप्टने मोजून मोकळं होण्याची घाई इथेच नडते.

मोजणी स्वराच्या मध्यावर घ्या. कडांना शेजारच्या व्यंजनाचा परिणाम असतो. 'ऐ', 'औ' मात्र सरकते स्वर, तिथे एक आकडा पुरत नाही. स्वराच्या लांबीच्या २० आणि ८० टक्क्यांवर, दोन्हीकडे मोजा.