थंडीत साताऱ्यात बिऱ्हाड आणताना

आम्ही मूळचे चिपळूणचे. 2009 च्या डिसेंबरात यांची बदली साताऱ्याला झाली. भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्यामुळे तो नोव्हेंबरातच संपायचा आणि नवं घर शोधायची पाळी ऐन गारठ्यातच यायची. अशी तीन बिऱ्हाडं हलवली. आता गावाकडून कुणी इकडे यायचं म्हटलं की फोन मलाच येतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

घर बघायला संध्याकाळी जाऊ नका, सकाळी आठला जा. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याला वसलंय आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे किल्ल्याच्या मागून. डोंगराला टेकलेल्या घरांत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. आमचं पहिलं घर तसंच होतं. गॅलरीतून किल्ला दिसतो म्हणून हुरळून घेतलं आणि मग दहा वाजेपर्यंत स्वेटर घालून स्वयंपाक केला. कपडे दोन-दोन दिवस दमट. गच्चीवरचा सोलरही सावलीतच, त्यामुळे ‘गरम पाणी चोवीस तास’ हे घरमालकांचं वाक्य फक्त मे महिन्यात खरं ठरायचं! तेव्हा सोलर आहे का, एवढंच विचारून थांबू नका. तुमच्या मजल्यावर सकाळी गरम पाणी किती वेळ पुरतं, ते शेजारच्या काकूंना विचारा. गिझर लावणार असाल तर न्हाणीघरात जाड पिनेचा पॉइंट आहे का बघा. पाणी कधी येतं आणि टाकी कुणाकुणात, हेही त्याच काकू सांगतील.

आता टेम्पो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि दाट तिथीला टेम्पो मिळत नाही, मिळाला तर भाव चढा. पौषात लग्नं नसतात, टेम्पोवाले मोकळे असतात. पण पौषात नव्या घरात जाऊ नये असं मानणारे बरेच. आमच्या सासूबाईंनी त्यावर तोड काढली होती: मार्गशीर्षातच जाऊन देवाची तसबीर आणि मीठ ठेवायचं, दूध उतू घालायचं, सामान मागाहून पौषात सावकाश आणायचं. पैसेही वाचले, सासूबाईही खूश.

चिपळूणकडून कुंभार्ली घाटातून येणार असाल तर पहाटे भरा आणि उजेडातच साताऱ्यात पोचा. या दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो. पाटण सोडलं की पुढे उंब्रजपर्यंत उसाचे ट्रॅक्टर लागतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागचा दिवाच नाही. त्यात नदीकाठचं धुकं. ड्रायव्हर कितीही म्हणाला की ‘रात्रीच काढू, रस्ता मोकळा असतो’, तरी ऐकू नका. पुण्याकडून येणाऱ्यांनी नाताळ ते 1 जानेवारी हे दिवस टाळावेत. महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांनी सुट्टीत हायवे तुंबतो, आणि खंबाटकी घाटात टेम्पो अडकला की हमाल साताऱ्यात बसून राहतात, वर खोटी झाल्याचे पैसे मागतात. हमाली मजल्यावर ठरते, ती आधीच बोलून घ्या.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती घरमालकांकडून लगेच करून घ्या. डिपॉझिटची पावती मागायला लाजू नका.

आणि गोधड्या टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरतील. आमच्या पहिल्या रात्री त्या तळाशी, कपाटाखाली होत्या आणि टेम्पो सकाळी रिकामा व्हायचा होता. वरच्या आजी म्हणाल्या, “वाकळ देऊ का गं?” मला वाटलं खायचं काहीतरी असेल, मी म्हटलं, “नको, जेवण झालंय.” हसत हसत त्यांनी दोन गोधड्या आणून दिल्या. त्यातली एक परत घेतलीच नाही, अजून आमच्याकडे आहे.