रानातल्या घराचाही पत्ता: आपला डिजिपिन कसा काढावा, तपासावा आणि लिहावा

"फाट्यावर उतरा, कॅनॉल ओलांडला की डावीकडं वळा, पुढं विहीर लागेल, तिथून तिसरा मळा." माझ्या आत्याच्या घराचा पत्ता इतकाच. पाकिटावर गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड येतो, पण हा पिनकोड आसपासच्या कितीतरी वाड्यावस्त्यांना एकच आहे. पोस्टमन वर्षानुवर्षं तोच असला तर घर सापडतं. तो बदलला किंवा रात्रीच्या वेळी कुणाला बोलवायची वेळ आली, की घरातल्या कुणालातरी बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहावं लागतं.

अशा घरांसाठी डिजिपिन फार मोलाचा आहे. भारतीय डाक विभागाने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साथीने तो तयार केला आणि २७ मे २०२५ रोजी सर्वांसाठी खुला केला. देशाच्या नकाशावर साधारण ४ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असे चौकोन आखले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचा स्वतंत्र कोड आहे. अर्ज करावा लागत नाही, कुणाची सही लागत नाही. तुमच्या दाराचा कोड आधीच ठरलेला आहे, तो फक्त शोधून काढायचा आहे.

पिनकोड तसाच राहतो

आपला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी रचला. टपाल खात्यातले हे मोठे मराठी अधिकारी संस्कृतचे कवीही होते. पिनकोडवरून टपाल कोणत्या पोस्टाकडे जायचं ते कळतं. तिथून पुढं दार कुठं आहे, ते डिजिपिन सांगतो. म्हणून एकासाठी दुसरा गाळायचा नाही, दोन्ही लिहायचे.

पहिली पायरी: कुठं उभं राहायचं ते ठरवा

बहुतेकांची चूक इथंच होते. घरात पलंगावर बसून कोड काढला, तर छत आणि भिंतींमुळे फोनला उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत आणि जागा दहावीस मीटर सरकते. चौकोन जेमतेम ४ मीटरचा असल्यामुळे एवढ्यानेही कोड शेजाऱ्याच्या गोठ्याचा निघू शकतो.

बाहेर या. गाडी जिथं थांबते, म्हणजे फाटकापाशी किंवा अंगणाच्या तोंडाशी, मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. घर रस्त्यापासून आत असेल तर मी दोन कोड काढायला सांगेन, एक रस्ता सोडून आत वळायच्या जागेचा आणि एक दाराचा. येणाऱ्याला पहिल्याचा उपयोग जास्त होतो.

दुसरी पायरी: कोड काढा

फोनचं लोकेशन चालू करा आणि सेटिंगमध्ये अचूक लोकेशनची परवानगी आहे का ते पाहा. मग डाक विभागाच्या संकेतस्थळावरचं 'नो युअर डिजिपिन' हे पान उघडा. ते लोकेशन वापरायची परवानगी मागेल, ती द्या. मिनिटभर एका जागी थांबा, कारण फोनला जागा पक्की करायला थोडा वेळ लागतो. नकाशावर तुमची खूण आणि तिचा कोड दिसेल.

आता त्या खुणेकडे नीट बघा. ती विहिरीवर किंवा रस्त्यापलीकडं पडली असेल, तर नकाशा मोठा करून आपल्या फाटकाची जागा बोटाने निवडा. रानात उपग्रहाच्या चित्रावर गोठ्याचे पत्रे, आंब्याचं झाड, शेततळं ओळखू येतं, त्यावरून जागा धरा. गावात राहायला नसलेल्या मुलांनाही पुण्यामुंबईत किंवा परदेशात बसून आईवडिलांच्या घराचा कोड असा नकाशावरून काढता येतो.

तिसरी पायरी: तपासा

हे केल्याशिवाय कोड कुणाला देऊ नका. दुसऱ्या फोनवर, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या हातून, तो टाकून बघा आणि खूण आपल्याच दारावर येते का ते पाहा. वेगळ्या वेळी पुन्हा काढल्यावर शेवटची एकदोन चिन्हं बदलली तर घाबरायचं कारण नाही, फोन एखाददुसऱ्या चौकोनाने हलला इतकंच. पहिल्या सहा-सात चिन्हांतच फरक दिसला, तर बहुधा लिहिताना चूक झाली आहे.

लिहिण्यातल्या चुका ओळखणं सोपं आहे. कोडमध्ये २ ते ९ हे अंक आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी ही आठ इंग्रजी अक्षरं, एवढीच सोळा चिन्हं येतात. ० नाही आणि १ हा अंकही नाही, त्यामुळे ओ आणि आय या अक्षरांशी गल्लत होत नाही. तुमच्या कागदावर बी, डी किंवा शून्य दिसलं, तर ते चुकीचंच आहे.

फोनवर सांगताना पी, टी, सी ही अक्षरं सारखीच ऐकू येतात, तशीच जे आणि के. आमच्याकडं आम्ही पी पुण्याचा, टी ठाण्याचा, सी चंद्रपूरचा, जे जालन्याचा, के कोल्हापूरचा, एल लातूरचा, एम मुंबईचा असं सांगतो, आणि एफ फॅनचा. आत्याला हे एका दुपारी पाठ झालं.

कोड आतून कसा बनतो

हे समजलं नाही तरी काम अडत नाही. पण मला यातली आखणी इतकी सुंदर वाटते की ती सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्यांनी ती फळ्यावर जरूर काढावी.

अक्षांश २.५ ते ३८.५ उत्तर आणि रेखांश ६३.५ ते ९९.५ पूर्व, असा ३६ अंशांचा एक मोठा चौकोन घ्या. त्यात देश आणि आपला समुद्रही येतो, म्हणून समुद्रातल्या जागेलाही डिजिपिन आहे. त्याचे सोळा सारखे भाग करा आणि त्यांना ही चिन्हं द्या. वरची बाजू उत्तर:

एफ – सी – ९ – ८
जे – ३ – २ – ७
के – ४ – ५ – ६
एल – एम – पी – टी

मधल्या २ वर बोट ठेवा आणि ३, ४, ५, ६, ७ असं चढत जा. ९ नंतर सी, मग इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने टीपर्यंत. बोट उचलावं लागत नाही, आतून बाहेर वेटोळं उलगडत जातं.

आता शनिवारवाडा शोधू. अक्षांश सुमारे १८.५१९५, रेखांश ७३.८५५३. पहिल्या आखणीत प्रत्येक भाग ९ अंशांचा. वाडा वरून तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या घरात, म्हणजे पहिलं चिन्ह ४. त्या ४ च्या घराचे पुन्हा सोळा भाग, प्रत्येक २.२५ अंशांचा. वाडा वरच्या ओळीत पहिल्या घरात, म्हणजे एफ. त्याचे पुन्हा सोळा, आता तळच्या ओळीत तिसरं घर, पी. असंच पुढं गेलं की ४, ९, २ मिळतात. म्हणजे शनिवारवाड्याचा कोड ४एफपी-४९२ असा सुरू होतो. मुंबईचा ४एफके, नागपूरचा ३पी६, पणजीचा ४के९.

तीन चिन्हं झाली की आपण सुमारे ६० किलोमीटरच्या चौकोनात असतो, सहा झाली की सुमारे १ किलोमीटरच्या, आठ झाली की ६० मीटरच्या, आणि दहाव्या चिन्हाला दारात. सगळं गणितावर चालतं, त्यामुळे अक्षांश-रेखांश हाताशी असतील तर इंटरनेट नसतानाही कोड काढता येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सुरुवातीची चिन्हं सारखी असली तर जागा जवळजवळ असतात, पण वेगळी असली तर लांबच असतील असं नाही. २०.५ अक्षांशाची रेघ महाराष्ट्रातून जाते. तिच्या उत्तरेला पहिलं चिन्ह ३, दक्षिणेला ४. नाशिक शहर ४ मध्ये आणि त्याच जिल्ह्यातलं मालेगाव ३ मध्ये. रेघेच्या अल्याडपल्याडच्या दोन शेजाऱ्यांचे कोड अगदी अनोळखी दिसतील. पिनकोडच्या पहिल्या ४ शीही या ४ चा काही संबंध नाही.

चौथी पायरी: पत्त्यात लिहा

नाव, घर किंवा वस्ती, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड हे सगळं नेहमीसारखं. त्याखाली वेगळ्या ओळीत 'डिजिपिन' असं लिहून तीन-तीन-चार अशा गटांत कोड, मध्ये आडवी रेघ.

इमारतीत राहत असाल तर मजला आणि फ्लॅट नंबर लिहायलाच हवा. डिजिपिनमध्ये उंची धरलेली नाही, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच कोड.

अडीअडचणीला कुणाला बोलावताना आधी गाव आणि खूण सांगा, मग कोड. समोरच्याला कोड वापरता येत नसेल, तर अक्षांश-रेखांश सांगा, ते कुठल्याही नकाशात चालतात. म्हणून कागदावर कोडशेजारी तेही लिहून ठेवलेले बरे.

या कोडमध्ये तुमचं नाव, फोन नंबर, काही साठवलेलं नसतं. तो जागेचा कोड आहे, घर विकलं तरी तिथंच राहतो. त्यामुळे तो मालकीचा किंवा रहिवासाचा पुरावाही नाही. पण नावासोबत लिहिला की तो थेट तुमच्या दाराची वाट दाखवतो. गावच्या ग्रुपवर आईवडिलांच्या नावासकट टाकू नका, विशेषतः ते दोघंच घरी असतील तर.

आत्याच्या घरी आम्ही दोन्ही कोड वीजमीटरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने ऑइलपेंटने लिहिले आहेत, खाली अक्षांश-रेखांश. लाइट गेली तर हात आधी तिथंच जातो. एक प्रत तिच्या औषधांच्या डब्यात आहे, मोठ्या अक्षरात, कारण चष्मा सापडतोच असं नाही.