ऑफसाइड कॅमेऱ्यात तपासताय? या चुका टाळा

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2022 च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून मदत करणारा रेफ्री, होता. वाशी-खारघरच्या मैदानांवर हाताशी असतो तो ट्रायपॉडवरचा मोबाइल. मॅच संपल्यावर रेफ्री आणि लाइन्समनना दाखवायला हे रेकॉर्डिंग उत्तम. चालू मॅचमध्ये मात्र त्यावरून निर्णय फिरवू नका. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीप्रमाणे ते फक्त रीतसर परवानगी मिळालेल्या स्पर्धांतच चालतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऑफसाइडची रेष (शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पातळीवरची) काढताना जीव ओतायचा आणि पासचा क्षण मात्र अंदाजाने धरायचा. पास मारताना चेंडूला पहिल्यांदा स्पर्श झाला, तोच क्षण मोजायचा असतो. स्ट्रायकर सेकंदाला 8 मीटर वेगाने आत धावतोय आणि डिफेंडर 5 मीटर वेगाने वर येतोय असं धरा. दोघांतलं अंतर सेकंदाला 13 मीटरने बदलतं. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमची चूक म्हणजे 43 सेंटिमीटर, 50 फ्रेमला 26. कतारच्या 2022 विश्वचषकात छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते, तरीही चेंडूत सेकंदाला 500 नोंदी देणारा सेन्सर बसवावा लागला, तो यासाठीच.

फोन 50 किंवा 100 फ्रेमवर लॉक करा, 60 वर नको. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच फ्लडलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि 60 वर पट्टे दिसू शकतात. शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, नाहीतर बूट धूसर येतो. ऑटो मोडमध्ये अंधार पडला की काही फोन गुपचूप फ्रेम कमी करतात, तेही बंद करा.

दुसरी मोठी गफलत खांद्याची. खांदा पुढे असला, तर स्क्रीनवर तिथूनच गवतावर रेष ओढली जाते. कॅमेरा 10 मीटर उंचीवर, खेळाडू 40 मीटर लांब आणि खांदा 1.4 मीटरवर असेल, तर कॅमेऱ्यातून खांद्याकडे जाणारी नजर जमिनीला साडेसहा मीटर पलीकडे टेकते. कॅमेरा ऑफसाइडच्या रेषेपासून 10 अंश तिरका असला, तर उत्तर मीटरभराहून जास्त चुकतं! आधी खांद्यापासून जमिनीवर उभा लंब सोडा, मग रेष ओढा. हात धरायचा नाही. हिशोब काखेच्या खालच्या टोकापर्यंतच.

कॅलिब्रेशनला, म्हणजे स्क्रीनवरचं माप मैदानाशी जुळवायला, फक्कीच्या रेषांवर भरवसा ठेवू नका. पेनल्टी एरिया खरंच 16.5 बाय 40.32 मीटर आहे का, टेप लावून बघा. चारही कोपरे अचूक हवेत. त्यानंतर झूम हलला किंवा स्टँडला धक्का लागला, तर सगळं पुन्हा करायचं.

दोन फोन असतील, तर दोघांनाही दिसेल असा टॉर्चचा एक फ्लॅश प्रत्येक हाफच्या सुरुवातीला आणि शेवटी द्या. दोन्ही फ्लॅशमधलं अंतर दोन्ही फोनवर सारखं भरलं नाही, तर घड्याळं सरकली आहेत.

कॅमेरे वाढवले की प्रश्न मिटतो, हाही गैरसमज. 17 जून 2020 रोजी ॲस्टन व्हिला–शेफील्ड युनायटेड सामन्यात एका गोलपोस्टवर लक्ष ठेवणारे गोललाइन तंत्रज्ञानाचे सातही कॅमेरे खेळाडू आणि खांब आड आल्यामुळे आंधळे झाले आणि चेंडू रेषेपार जाऊनही सिग्नल आला नाही. बूट दिसतच नसेल तर तो कुठे असेल याचा तर्क लढवू नका. फरक तुमच्या एका फ्रेमच्या चुकीपेक्षा कमी असेल, तर लाइन्समनचा निर्णय तसाच ठेवा आणि क्लिपवर ‘अनिर्णित’ लिहा.